पुढच्या काचेला तडा आणि आरसी संपायला नऊ आठवडे: आधी काच, आधी रिपासिंग की आधी विक्री?

शिवणे_१२

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर, पेट्रोल, ९९८ सीसी, एमएच १२, नोंदणी २०११ ची. आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) १५ वर्षांची मुदत संपायला नऊ आठवडे राहिलेत. गाडी विकायची आहे.

पुढच्या काचेवर डाव्या खालच्या कोपऱ्यातून, काळ्या पट्टीच्या आतून तडा निघालाय. आडवा होत चालकाच्या दिशेने आलाय. पट्टीने मोजला तर २८ सेंमी. त्याशिवाय स्टिअरिंगच्या समोर खड्याची एक टिचकी आहे, साधारण ८ मिमी. आतून हात फिरवला तर काच गुळगुळीत लागते.

बाकी माहिती: फुल इन्शुरन्स आहे, अजून चार महिने चालू, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के. मागच्या आणि बाजूच्या काचांना काळी फिल्म आहे. कर्ज २०१६ लाच फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच. नंबरप्लेट जुन्या पद्धतीची. काच बदलायला दोन ठिकाणी विचारलं: एका ठिकाणी साडेसहा हजार, दुसरीकडे चार हजार.

विचारायचं असं की रिपासिंगला (आरसीच्या नूतनीकरणाच्या तपासणीला) असा तडा चालतो का? तो भरून निघतो का? इन्शुरन्समधून काच घ्यावी का? आणि काहीच न करता आहे तशी विकली तर नुकसान किती?

खडकी_ऑटो

विचार कसला करताय, क्लेम टाका. काचेच्या क्लेमने एनसीबी जात नाही आणि काचेला घसाराही लागत नाही. फुकटात काच होईल.

विमा_खिडकी

वरचं अर्धं बरोबर आहे, पण अर्धं चूक आहे आणि चुकीचा भाग महाग पडेल.

घसाऱ्याचं बरोबर. मोटार विम्यात रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के कापतात, फायबरवर ३० टक्के, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे; काचेवर मात्र काहीच कापत नाहीत. त्यामुळे १५ वर्षांच्या गाडीलाही, झिरो डेप (घसारा माफ करणारं जादा कव्हर) नसताना, काचेची पूर्ण किंमत धरली जाते. मात्र सक्तीची वजावट असते: १५०० सीसीपर्यंत १००० रुपये, त्यावर २०००. तुमच्या गाडीला १०००. काचेभोवतीचं रबर, सीलंट, प्रायमर यांतलं काही निम्मं तर काही पूर्ण तुमच्याच खिशातून.

एनसीबीचं चूक. पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट किंवा काचेच्या क्लेमला सूट देणारं वेगळं कलम नसेल, तर काचेचा क्लेम हा इतर कुठल्याही क्लेमसारखाच क्लेम. पुढच्या नूतनीकरणाला ५० वरून थेट शून्य. काही पॉलिसींमध्ये अशी सूट असते म्हणून ती सगळ्यांनाच असते असा समज पसरलाय. पॉलिसीच्या कागदावर ॲड-ऑनची यादी असते, तिथे बघा. एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

क्लेमचा निर्णय घेण्याआधी एक सांगा: ही गाडी विकून तुम्ही दुसरी घेणार आहात का? उत्तर त्यावर अवलंबून आहे.

काच_आणि_पत्रा

तडा भरून निघेल का याचं उत्तर स्पष्ट आहे: नाही. कारण सांगतो, म्हणजे कुणी "भरून देतो" म्हणालं तर फसणार नाही.

पुढची काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ पडदा, साधारण पाऊण मिलिमीटर. आतून गुळगुळीत लागते म्हणजे फक्त बाहेरचा थर फुटलाय. तेवढं चांगलं. पण तडा कडेपासून निघालाय. काचेची कड चिकटवलेली असते, बॉडीचा पीळ, खड्ड्यांचे धक्के, उन्हातलं प्रसरण हे सगळं कडेवरच येतं. तिथे भरलेलं रेझिन टिकत नाही. काही दिवसांत तडा त्याच वाटेने पुढे सरकतो. कडेपासून दोन इंचांच्या आत पोचलेला तडा भरायला चांगला कारागीर हात लावत नाही. शिवाय लांबी २८ सेंमी. सहा इंचांच्या वर भरण्यात अर्थ नसतो. चालकासमोरची टिचकी एकटी असती तरी ती भरल्यावर थोडा डाग राहतोच, आणि रात्री समोरच्या दिव्याचा झोत नेमका त्या डागावर पसरतो.

तडा दगडाचा की ताणाचा हेही बघून ठेवा. बॉलपेनचं टोक तड्यावरून हलकेच ओढत न्या. कुठे टोक अडकून खळगा लागला तर खडा. कुठेच अडकलं नाही आणि तडा कडेला काटकोनात निघालेला असेल, तर ताण. ताणाच्या तड्यामागे बहुतेक वेळा जुनी चुकीची बसवणी किंवा काचेखालच्या पत्र्याचा गंज असतो. गंजाने पत्रा फुगतो आणि काचेला एका बिंदूवर दाबतो. तो गंज न काढता नवी काच बसवली तर वर्षभरात तीही तडकते. १५ वर्षांच्या गाडीत ही शक्यता खरी आहे. क्लेम करणार असाल तरी हे महत्त्वाचं, कारण सर्व्हेअर (विमा कंपनीचा तपासनीस) बाहेरच्या आघाताची खूण शोधतो.

चार हजार आणि साडेसहा हजार यांत फरक काचेचा असतो, पण त्याहून जास्त चिकटवण्याचा असतो. दोघांनाही हे विचारा:

पहिलं, सीलंट कुठलं? उत्तर पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, असलं पाहिजे. हॅचबॅकच्या काचेला ३१० मिलीच्या एक ते दोन नळ्या लागतात. स्वस्त कामात सिलिकॉन मारतात. सिलिकॉनला धरून ठेवायची ताकद नाही, वासाचं आम्लधर्मी सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं, आणि एकदा ते लागलं की त्या जागी नंतर पीयूही धड चिकटत नाही. टक्कर झाली तर ही काच जागेवर राहणं हा सुरक्षेचा भाग आहे. ज्या गाड्यांना बाजूच्या सीटची एअरबॅग आहे तिथे ती फुगताना काचेला टेकते.

दुसरं, जुनं सीलंट पूर्ण खरवडणार का? पूर्ण खरवडू नये. एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर ठेवायचा, नवं पीयू जुन्या पीयूला उत्तम धरतं. जुन्यात सिलिकॉन निघालं तर मात्र सगळं काढायचं. कापताना रंगाला ओरखडा गेला तर तिथे प्रायमर मारलाच पाहिजे, तो पूर्ण वाळू दिला पाहिजे. हा टप्पा घाईत सुटतो आणि दोन पावसाळ्यांनी गंज येतो.

तिसरं, काचेवरची खूण. कोपऱ्यात आयएसआय चिन्ह, आयएस २५५३ आणि लॅमिनेटेड असा उल्लेख हवा. खूण नसलेली किंवा चिकटवलेल्या कागदावर छापलेली खूण असलेली काच घेऊ नका. बसवण्याआधी काच उभी धरून तिच्यातून दूरची सरळ रेषा बघा, खांब किंवा इमारतीची कड. रेषा लाटेसारखी हलली तर काच परत करा. हलक्या काचेत ही लाट हमखास असते, रात्री डोकं दुखतं.

बसवल्यावर किती वेळ गाडी हलवायची नाही हे नळीवर लिहिलेलं असतं. काही सीलंटना एक तास, काहींना अर्धा दिवस. तो वेळ पाळा. पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर दार आपटल्यावर आतला हवेचा दाब ओलं सीलंट बाहेर ढकलतो. प्रेशरने धुणं दोन दिवस बंद. त्यानंतर मात्र पाण्याची चाचणी करायचीच: खालून वर, साध्या नळीने, दहा मिनिटं, आणि आत डॅशबोर्डखाली व पायाजवळच्या गालिच्याखाली हात घालून बघायचं. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून येतंय कळत नाही.

फॉर्म_पंचवीस

रिपासिंगचा भाग मी घेतो.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण बरेच जण घाबरून विचारतात. १५ वर्षांच्या आतली खासगी गाडी नावावर करताना फिटनेसची तपासणी नसते. काचेचा तडा तिथे खरेदीदार आणि विकणाऱ्यामधला विषय. तुमच्या गाडीला तपासणी लागते ती आरसीचं नूतनीकरण आहे म्हणून. ते फॉर्म २५ वर होतं, मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत अर्ज करता येतो, आणि नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस, तीन दिवसांनी तुमची खिडकी उघडते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० काचेचा. सेफ्टी ग्लास हवी, पुढची आणि मागची काच किमान ७० टक्के प्रकाश सोडणारी, बाजूच्या किमान ५० टक्के. तडा अमुक मिलिमीटरपर्यंत चालेल असं माप त्या नियमात दिलेलं नाही. म्हणून तिथे निरीक्षकाचा निर्णय चालतो, आणि म्हणूनच "माझ्या गाडीची तशीच झाली" या सांगण्याला किंमत देऊ नका. वायपरच्या पट्ट्यात, चालकाच्या दिशेने येणारा २८ सेंमीचा तडा नाकारायला निरीक्षकाकडे पूर्ण कारण आहे, आणि नाकारला तर तो चुकीचा नाही. पावसाळी रात्री हा तडा चालकाच्या नजरेत येतो.

काळी फिल्म तपासणीआधी काढाच. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१२ च्या निकालापासून काचेवर नंतर चिकटवलेल्या फिल्मवर कारवाई होते. बाजूची फिल्म कोपऱ्यातून उचलून, ड्रायरची ऊब देत, हळूहळू ओढा, उरलेला चिकटा साबणाच्या पाण्याने. मागच्या काचेवर डिफॉगरच्या तारा असतील तर ब्लेड अजिबात लावू नका आणि तारांच्या दिशेने आडवं ओढा. उभं ओढलं की तार फिल्मबरोबर येते.

तपासणीत काच सोडून काय बघतात: चेसिस आणि इंजिन नंबर (गंज असेल तर आधी तारेच्या ब्रशने साफ करा, ठसा नीट उमटला पाहिजे), हेडलाइट दोन्ही झोतांत, ब्रेकलाइट, इंडिकेटर, रिव्हर्स, हॉर्न, वायपर, आरसे, सीटबेल्ट, टायर. टायरची खाच १.६ मिमीच्या खाली गेलेली नको. वायपरची रबरं काचेबरोबरच बदला. जुनी कडक रबरं नव्या काचेवर पहिल्याच आठवड्यात अर्धवर्तुळ ओरखडे काढतात. पीयूसी आणि विमा चालू हवा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेलं असलं पाहिजे.

पैसे: १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५००० रुपये झाली, स्मार्ट कार्ड वेगळं, पर्यावरण कर वेगळा. पोर्टलवर चलन तयार होतं तेव्हा त्या दिवसाचा नेमका आकडा दिसतो. मुदत उलटली तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. पण ५०० ही खरी अडचण नाही. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर म्हणजे बिननोंदणीची गाडी, अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला जागा मिळते, आणि ती कुणाच्या नावावरही होत नाही.

आता तुमच्या यादीतली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट काच नाही, बँकेचं नाव आहे. आरसीवर बोजा असताना नूतनीकरण आणि ट्रान्सफर दोन्ही अडतात. बँकेकडून ताजी एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, दोन प्रती, आजच मागा. २०१६ ची जुनी एनओसी सापडली तरी चालणार नाही, या पत्रांना साधारण तीन महिन्यांची मुदत असते. जुन्या कर्जाची फाईल शाखेऐवजी दुसऱ्याच केंद्रात गेलेली असते, त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. काच एका दिवसात होते, एनओसी होत नाही.

शिवणे_१२

फार उपयोगी. बँकेचं आजच करतो. पेन फिरवून बघितलं, काळ्या पट्टीच्या जरा वर खळगा लागतोय, म्हणजे खडाच.

@विमा_खिडकी, हो, ही विकून नवीन गाडी घेणार आहे, दिवाळीच्या आत. पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट नाही.

विमा_खिडकी

मग क्लेम करू नका. आकडे मांडून दाखवतो.

एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ही गाडी विकली की तुमचा ५० टक्के नव्या गाडीवर नेता येतो. समजा नव्या गाडीच्या ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा) हप्ता १८,००० आहे (थर्ड पार्टीच्या भागाला एनसीबी लागत नाही). ५० टक्के असेल तर पहिल्याच वर्षी ९,००० वाचले. क्लेम केला तर पहिल्या वर्षी शून्य, मग दरवर्षी बिनक्लेमचं गेल्यावर २०, २५, ३५, ४५ आणि सहाव्या वर्षी पुन्हा ५०. म्हणजे गमावलेली सूट पहिल्या वर्षी ५०, मग ३०, २५, १५ आणि ५ टक्के. बेरीज १२५ टक्के, एका वर्षाच्या पूर्ण हप्त्यापेक्षा जास्त. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी भरेल, तरी साडेसहा हजारांच्या काचेसाठी, त्यातले हजार आणि सीलंटचे तुम्हीच देऊन, हा सौदा वाईट आहे.

उलट कुणाला गाडी विकून दुसरी घ्यायचीच नसेल, तर एनसीबी त्यांच्या काही कामाचा नाही. त्यांनी विकण्याआधी क्लेम जरूर करावा. तेव्हा क्रम पाळा: आधी कंपनीला कळवायचं, फोटो किंवा सर्व्हे होईपर्यंत काच काढायची नाही, फुटलेली काच ठेवून घ्यायची. काच बदलून मग बिल पाठवलं तर क्लेम नाकारला जातो. दोन वेगळ्या दिवशी लागलेले दोन खडे असतील तर ते दोन क्लेम धरले जाऊ शकतात आणि वजावट दोनदा.

विक्रीनंतर कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. खरेदीदारालाही हे आधीच सांगा, कारण पॉलिसी त्यांच्या नावावर करताना तुमच्या सवलतीची उरलेल्या मुदतीची रक्कम कंपनी त्यांच्याकडून वसूल करते. ऐनवेळी कळलं की वाद होतो.

"काच तशीच राहू द्या, मी तुमच्या पॉलिसीतून करून घेईन" असं खरेदीदार म्हणाला तर ऐकू नका. विक्री झाली की थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप जातं, पण स्वतःच्या नुकसानीचं जात नाही. पॉलिसी त्यांच्या नावावर होईपर्यंत त्यांना काचेचा क्लेम मिळत नाही, आणि गाडी तुमची राहिली नाही म्हणून तुम्हालाही मिळत नाही.

लेस्टरकर

इथे ब्रिटनमध्ये गाड्यांच्या वार्षिक एमओटी तपासणीत काचेला मोजमाप ठरलेलं आहे, ते पट्टी म्हणून भारतातही वापरता येईल. स्टिअरिंगच्या मध्यावर धरलेला २९० मिमी रुंदीचा उभा पट्टा, त्यात वायपर पुसतो त्या भागात १० मिमीच्या वर्तुळात न मावणारं नुकसान असेल तर गाडी नापास. वायपरच्या उरलेल्या भागात ४० मिमी. आरटीओला हे बंधनकारक नाही, पण गाडी न्यायची की नाही हे स्वतःशी ठरवताना नेमकं माप हातात असलेलं बरं. शिवणेकरांची टिचकी एकटी असती तर या मापात बसली असती. तडा कुठल्याच मापात बसत नाही.

नाशिक_रोड

याच धाग्यात विचारतो. गाडी २०१८ ची, विकायची आहे, फिटनेसचा प्रश्न नाही. बाजूच्या सीटसमोर मधोमध ताऱ्यासारखी टिचकी, पाच रुपयांच्या नाण्याएवढी, तीन छोटे पाय फुटलेत. आजच लागली. भरून घ्यावी की खरेदीदाराला सूट द्यावी?

काच_आणि_पत्रा

भरून घ्या, आणि लवकर. २५ मिमीपर्यंतची, कडेपासून लांब, चालकाच्या नजरेबाहेरची, आतला थर शाबूत असलेली टिचकी भरायला योग्य असते. आत्ता लगेच तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. बोटाने चोळू नका, धुऊ नका, वायपरचं साबणपाणी तर नकोच. एकदा धूळ किंवा साबण आत गेला की रेझिन काचेला भिजवत नाही आणि आत चंदेरी डाग कायमचा राहतो. भरून होईपर्यंत उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा थंड झोत सोडू नका, पाय तिथेच लांबतात.

काम कसं चालतं ते माहीत असू द्या, म्हणजे समोर उभं राहून बघता येईल. काच सावलीत थंड होऊ देतात. खळग्यातला काचेचा भुगा टोकदार सुईने काढतात, ओल असेल तर हलक्या उबेने घालवतात. मग इंजेक्टर बसवून आधी हवा ओढतात, नंतर रेझिन दाबाने सोडतात, हे आळीपाळीने काही वेळा. पायांच्या टोकापर्यंत रेझिन गेलं की काळ्या रेषा पारदर्शक होतात. आतून बघा, एखादा पाय काळाच राहिला तर अजून हवा आहे, तिथेच थांबवून पुन्हा करायला सांगा. एकदा अतिनील दिव्याने पक्कं झालं की दुरुस्तीची दुरुस्ती होत नाही. शेवटी वरचा खळगा जाड रेझिनने भरून, पक्कं करून, ब्लेडने सपाट करतात. थेट उन्हात हे काम करणारा टाळा, रेझिन खोलवर जाण्याआधीच घट्ट होतं.

डाग पूर्ण जात नाही. फिकट ठिपका राहतो आणि खरेदीदाराला तो दाखवून "भरलेला आहे" असं सांगायचं. लपवलं आणि त्यालाच सापडलं तर तो बाकीच्या गाडीवरही विश्वास ठेवत नाही.

जुनी_गाडी_नवे_हात

खरेदीदाराच्या बाजूने लिहितो, कारण "तशीच विकली तर नुकसान किती" याचं उत्तर कुणी दिलं नाही.

तडा गेलेली काच बघून घेणारा साडेसहा हजार कापत नाही, जास्तच कापतो. त्याच्या मनात तीन गोष्टी येतात: काच, ती बसवायची खटपट, आणि बाकी काय काय दुर्लक्षित असेल. शिवणेकरांच्या गाडीत तर वर रिपासिंगची फी, कर, बोजा आणि नंबरप्लेट. ही सगळी कामं घेणाऱ्यावर टाकली तर गाडी फक्त व्यापाऱ्याच्या कामाची उरते आणि तो भंगाराच्या जवळची किंमत बोलतो. पाच वर्षांची नवी आरसी असलेली गाडी मात्र घरगुती खरेदीदार घेतो. तो मोठा फरक आहे.

नवी काच बसवली तर बिल जपून ठेवा, आणि जुन्या काचेचे तड्यासकट फोटो काढून ठेवा. जाणता खरेदीदार सगळ्या काचांच्या कोपऱ्यातले उत्पादन-वर्षाचे आकडे ताडून बघतो. पुढची काच एकटीच नवी दिसली की पहिला संशय अपघाताचा. खड्याने फुटली होती हे फोटोत दिसलं की विषय मिटतो. बघणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा: पुढची काच एकटी नवी असणं फारसं वाईट नाही, एकाच बाजूच्या दोन दारांच्या काचा वेगळ्या वर्षाच्या असतील तर बिजागऱ्यांचे बोल्ट, खांबावरचे वेल्डिंगचे ठिपके आणि गालिच्याखालचा पत्रा नीट तपासा.

काच जुनीच पण अखंड असेल तरी ती सूर्यासमोर बघा. वायपरच्या ओरखड्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशने जात नाही. घासून घालवायचा प्रयत्न केला की तिथे भिंगासारखा खोलगट भाग तयार होतो. कडेने दुधाळ पट्टा दिसत असेल तर मधला पडदा सुटायला लागलाय.

शिवणे_१२

ठरलं: काच खिशातून, साडेसहा हजारांची. त्याने पीयूच वापरतो म्हणून नळी दाखवली, आयएस २५५३ ची खूणही दाखवली. दुसऱ्याने "सिलिकॉनच मजबूत" म्हणून सांगितलं.

दोन शंका उरल्यात. नवी नंबरप्लेट आधी बसवू की काच आधी? आणि फास्टॅगचं काय? शिवाय पाऊस चालू आहे, सीलंट धरेल ना?

फॉर्म_पंचवीस

काच आधी. उच्च सुरक्षा नंबरप्लेटबरोबर तिसरा भाग येतो तो काचेवरचा स्टिकर, पेट्रोलला फिका निळा, डिझेलला नारिंगी. तो आतून काचेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात चिकटवतात आणि काढायला गेलं की फाटतो. प्लेट आधी बसवली तर स्टिकर जुन्या काचेबरोबर जाईल. पण प्लेटची तारीख आजच घेऊन ठेवा, काच झाल्यानंतरच्या दिवसाची.

फास्टॅगही तसाच, जुन्या काचेवरून काढला की निकामी होतो. गाडी महिन्या-दीड महिन्यात विकणारच असाल तर काच बदलताना हा टॅग बँकेकडून बंद करून शिल्लक परत घ्या. मधल्या काळात टोलवरून जाणं असेल तर बँकेकडून बदली टॅग मागा, पण विक्रीच्या दिवशी तो बंद केल्याशिवाय किल्ली देऊ नका. चालू राहिला तर टोल तुमच्या खात्यातून जातो आणि घेणाऱ्याला त्याच गाडीवर नवा टॅग मिळत नाही.

क्रम असा ठेवा: एनओसीचा अर्ज, काच, फिल्म, प्लेट, थकलेली ई-चलनं, पीयूसी, मग फॉर्म २५ आणि तपासणीची वेळ. नवी आरसी हातात आल्यावर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "घेणारा करून घेईल" म्हणून सह्या करून कोरे फॉर्म देऊ नका. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी तीन हातांतून गेली तरी अपघाताची भरपाई कागदावरच्या मालकाकडे मागितली जाते.

काच_आणि_पत्रा

पावसाचं सांगतो. पीयू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे दमट हवा त्याला चांगली, कोरड्या थंडीपेक्षा लवकर धरतं. वाईट काय, तर चिकटवायची जागा ओली असणं. पत्र्यावर किंवा काचेच्या कडेवर पाण्याचा एक थेंब राहिला तरी तेवढ्या भागात सीलंट वरवर बसतं आणि गळती तिथूनच सुरू होते. म्हणून काम छपराखालीच, तीन बाजूंनी भिंत असलेल्या जागेत, आणि जुनी काच काढल्यावर पत्रा कोरड्या कापडाने पुसून वर गरम हवा. बोनेट आणि काच यांच्यामधली काळी प्लॅस्टिकची जाळी काढली की तिच्याखाली पानं आणि चिखल साचलेला सापडेल. तो काढून पाणी वाहून जायची भोकं मोकळी करून घ्या. १५ वर्षांच्या गाडीत गंज तिथूनच सुरू होतो, आणि काच उघडी असतानाच तो पूर्ण दिसतो. गंज दिसला तर त्याच दिवशी काच बसवायचा आग्रह धरू नका. घासून प्रायमर मारायला आणि तो वाळायला एक दिवस द्या. तुमच्याकडे अजून आठ आठवडे आहेत.